अडीचशे ग्रे

बियाणं परत आलं तेव्हा
म्हाबळूनं पाकीट कानाशी हलवलं,
मग नाकाशी नेलं.
"जळल्याचा वास नाही," म्हणाला.
रायबंदरहून चोडणला येताना फेरीबोटीत
मी ते मांडीवर धरून बसले होते,
शेजारच्या बाईनं वरचं लेबल वाचलं
आणि मासळीची पाटी जरा पलीकडे सरकवली.

आत किरण नाहीत आता, मी सांगितलं.
पोईत कुठे असतो भट्टीचा विस्तव?
भाजल्याचं तेवढं उरतं.

तो बांधावर बसला. मीही बसले.
म्हटलं, प्रत्येक दाण्यात असा एक बांध आहे,
दोन पदरी, पीळ घेत गेलेला.
त्याला रोज कुर्ल्या भोकं पाडतात.
कुर्ल्या म्हणजे ऊब:
उन्हाची, चुलीवरच्या माळ्याची,
नुसत्या जिवंत असण्याचीसुद्धा.
तुझ्यामाझ्या अंगाच्या उबेनं
एकेका पेशीत दिवसाला हजारो अक्षरं गळतात
आणि कुणीतरी चिखलाचे गोळे घेऊन
समोरचा पदर बघत बघत
तीच जागा तशीच भरत राहतं.

"गांवकरी होती तेव्हा आमचंही तसंच," म्हाबळू म्हणाला.
"भोक दिसलं की हाक, हाक दिली की माणसं.
आता मानशीचा लिलाव तेवढा वेळेवर होतो."
थोडं थांबून:
"आणि तुझी ती गॅमा?"

गॅमा म्हणजे पुनवेची भरती.
दोन्ही पदर एकाच जागी फुटतात.
दुरुस्तीला येतात सगळे,
पण बघायला समोर काही नसतं.
हाताला लागेल ते ठोकून देतात.
ओळ उलटी बसते, नाहीतर अर्धी नाहीशी.
बहुतेकदा शेत जातं.

बहुतेकदा, म्हाबळूनं तो शब्द धरून ठेवला.

पहिल्या वर्षी खुरटी रोपं, अर्ध्या लोंब्या पोचट.
दुसऱ्या वर्षी ट्रेमध्ये मधूनमधून
पांढरी पाती.
हिरवं कसं व्हायचं तेच पुसलं गेलेली,
दाण्यातली शिदोरी पुरेल तितकंच आयुष्य.
अकराव्या दिवशी म्हाबळू आला,
त्यांच्यावर हाताची सावली धरून उभा राहिला.
सावलीचा काही उपयोग नव्हता.
मी सांगितलं नाही.

आणि तेराव्या ओळीत ते एक:
बुटकं, खाऱ्या पाण्यात ताठ,
लोंबीला कुसळ नाही.
मी फोटो काढले, उंची मोजली,
साहेबांना फोन करताना माझा आवाज चढला.
म्हाबळूनं लोंबी तळव्यावरून ओढली,
बाळाचं जावळ पाहावं तशी.
"देखणं आहे," म्हणाला.
"पण कोरगुटाला कुसळ का असतं
ते तुझ्या किरणांना कुणी सांगितलं नाही?"

पुढच्या आठवड्यात मुनियांच्या थव्यानं सांगितलं.

जाळी बांधेपर्यंत सतरा दाणे राहिले.

त्या दिवशी चपला काढून शेतात उतरले
तेव्हा त्याला माझा डावा पाय दिसला.
दोन बोटं जोडलेली, जन्मापासून.
माझ्या आजोबांचीही होती, त्यांच्या आईचीही,
तिच्या मागे कुणाला ठाऊक नाही.
कुठल्याशा उन्हाळ्यात, कुणाच्या तरी अंगात,
एक भोक बुजवताना
कुणाचा तरी हात चुकला असेल.
किरण नव्हते, यंत्र नव्हतं, लेबल नव्हतं.
"चिखलात बदकासारखी बरी चालशील," म्हाबळू म्हणाला,
आणि पहिल्यांदाच पोटभर हसला.

परतताना बोट उशिरा सुटली.
सतरा दाणे मुठीत होते,
पिशवीत ठेवायचं सुचलं नाही.
नदीच्या मध्यावर कधीतरी लक्षात आलं,
मूठ घामानं ओली आहे,
आणि गरम.